आगीकडे पाठ

आमच्या सोसायटीत होळी पेटली की सगळे आगीकडे तोंड करून उभे राहतात, आणि मामा पाठ करून.

कोथरूडमधली जुनी, बिनलिफ्टची सोसायटी. पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा, मधे एरंडाची फांदी, भोवती रचलेल्या गोवऱ्या. नारळ पडतात, पुरणपोळी पडते, पोरं बोंब ठोकून घेतात. मामा तिकडे बागेच्या नळापाशी. नळाला हिरवा पाइप जोडलेला, पाइपाचं दुसरं टोक वॉचमनच्या हातात दिलेलं, आणि मामांचा उजवा हात नळाच्या चावीवर. तोंड कुंपणाच्या भिंतीकडे. ते इथे राहायला आले त्या पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "त्यांना आगीची भीती वाटते का गं?"

मी म्हटलं, "काकू, ते तीस वर्षं बंबावर ड्रायव्हर होते."

काकूंना ते उत्तर वाटलं नसावं. मलाही लहानपणी वाटलं नसतं.

मामा 1986 साली पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या बंबावर लागले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी बजावून ठेवलंय, "माझं काय लिहायचं ते लिही, पालिकेचं नाव घालू नको." मंडईच्या मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक बंब, दोन ड्रायव्हर, पाच फायरमन, आणि त्या पाचांतला एक कायम रजेवर. मे महिन्यात मी सुट्टीला जायचे तेव्हा मामा वर्दीवरून परत येण्याची वाट बघत ओट्यावर बसायचे. वर्दी म्हणजे आगीची खबर. त्यांच्या शर्टाला धुराचा वास यायचा. मला त्या वासात सगळी गोष्ट हवी असायची.

"मामा, आग केवढी होती?"

"होती की."

"म्हणजे केवढी?"

"दोन लायनी लावल्या बघ. पहिली साडेचार किलोवर चालवली. दुसरी जोडल्यावर काटा खाली आला, मग रेस वाढवली."

लायन म्हणजे आगीकडे नेलेली पाण्याच्या पाइपांची ओळ आणि किलो म्हणजे पाण्याचा दाब, चौरस सेंटिमीटरला किलो, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, मामा काहीतरी लपवतायत. मैत्रिणीचे वडील एसटीत होते आणि ते घाटातल्या गोष्टी सांगताना तिला रात्रभर झोप येऊ देत नसत. माझे मामा आगीवर जायचे आणि काट्याच्या गोष्टी सांगायचे.

खरं कारण साधं आहे. बंब आगीजवळ नेऊन उभा करायचा तो तोंड बाहेरच्या बाजूला करून. वारं फिरलं, भिंत खचली, सिलिंडर फुटायला लागले, तर रिव्हर्स घेत बसायला वेळ नसतो. म्हणजे गाडीची पाठ आगीकडे. मामांच्या बंबाचा पंप गाडीच्या मागच्या अंगाला होता. ड्रायव्हर गाडी लावतो, हँडब्रेक ओढतो, न्यूट्रल करतो, पीटीओ टाकतो (इंजिनाची ताकद चाकांकडून पंपाकडे वळवणारा खटका), खाली उतरतो आणि मागे येऊन पंपाच्या पॅनेलसमोर उभा राहतो. आता आग त्याच्या पाठीमागे. बाकीचे होज (पाण्याचे लांब पाइप) घेऊन तिच्याकडे पळालेले असतात. त्याने मात्र तिथून हलायचं नाही आणि वळायचंही नाही. डोळे काट्यावर, कान इंजिनावर, हात व्हॉल्व्हवर. पुढे धूर खात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातलं पाणी या तिन्हींवर चालतं. ड्रायव्हर क्षणभर मागे बघत राहिला आणि दाब अचानक चढला, तर ब्रँच (होजच्या टोकाचं नोझल) धरलेला माणूस उताणा पडतो. दाब उतरला तर त्याची धार त्याच्या पायाशी पडते आणि आग समोर तशीच.

"कधीच नाही बघितली?" मी मोठी झाल्यावर विचारलं होतं.

"गेजच्या काचेत दिसते ना. लाल हलतं तेवढं."

बंब हा शब्दही मजेशीर आहे. तो आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत बोंबा म्हणजे पंप. आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्याच्या पोटात आग आणि भोवती पाणी. मामांच्या बंबाच्या पोटात पाणी आणि भोवती आग. आजी म्हणायची, "माझा बंब रोज पेटतो, ह्याचा महिन्यातून दोनदा, आणि पगार ह्याला."

निवृत्त होऊन मामा पुण्याला आमच्याकडे आले आणि काही वर्षं नुसते बसून होते. मग मागच्या पावसाळ्यानंतर गावाहून फोन आला. पालिकेला नवा बंब मिळाला होता, तीन नवे ड्रायव्हर कंत्राटावर घेतले होते. तिघांकडे जड वाहनाचा परवाना होता, पण बंब कुणीच चालवलेला नव्हता. रीतसर प्रशिक्षणाला त्यांचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर मामा येऊन दाखवतील का? मानधनाचं काही बोलणं झालं नाही. मामांनीही विचारलं नाही. मला राग आला, तर म्हणाले, "तू पेट्रोल घाल."

तेव्हा रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचं, चांदणी चौकातून बाहेर पडायचं आणि सातला शेडवर हजर, असं जवळजवळ चार महिने चाललं. गाडी मी चालवायचे. मामा शेजारी बसून माझ्या ड्रायव्हिंगबद्दल एक अक्षर बोलत नसत, फक्त मी ब्रेक मारला की त्यांचा डावा हात डॅशबोर्डवर जायचा.

तिघांना मामांनी नावाने हाक मारली नाही. एक आधी दुधाच्या टँकरवर होता, तो 'दूध'. एक कारखान्याला ऊस वाहायचा, तो 'ऊस'. तिसरा शाळेची बस चालवायचा, तो 'शाळा'. तिघेही पंचविशी-तिशीतले. पहिल्या रविवारी तिघे इस्त्रीचे कपडे घालून आले होते आणि मामांनी त्यांना गाडी चालूच करू दिली नाही. गाडीभोवती फिरवलं. कप्पा उघडायचा, काय आहे ते मोठ्याने म्हणायचं, कप्पा बंद करायचा, कडी लागली का ते ओढून बघायचं. मग टाकी.

"टाकी भरलीय का?"

'शाळा'ने पातळी दाखवणारी नळी बघितली. "फुल आहे, मामा."

"वर चढ. झाकण उघड. हात घाल."

"नळीत दिसतंय की."

"नळी शेवाळली की रिकामी टाकीपण भरलेली दिसते. हात ओला झाला पाहिजे."

तो चढला, कोपरापर्यंत हात घातला, इस्त्रीची बाही भिजली. त्यानंतर दर रविवारी तिघांच्या उजव्या बाह्या ओल्या असायच्या, आणि मामा काही न विचारता बाहीकडे बघायचे.

मग हवा. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवेचा दाब भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही आणि चाक हलत नाही. कुठे बारीक गळती असली तर रात्रभरात हवा उतरते. म्हणजे पहाटे वर्दी आली की इंजिन चालू करून हवा भरायची वाट बघत बसा. मामा साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली पालथे झाले आणि एका जोडावर बुडबुडे शोधून काढले. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस. मी म्हटलं, "मामा, ते मेकॅनिकचं काम आहे." ते खालूनच म्हणाले, "वर्दी मेकॅनिकला येत नाही."

पोरांना अर्थात गाडी पळवायची होती. 'ऊस' तर स्पष्टच म्हणाला, "मामा, ते साबणाचं ठीक आहे, पण बंब म्हणजे स्पीड पाहिजे." मामांनी शेडच्या भिंतीवर विटकरीच्या तुकड्याने हिशेब मांडला. गावाचं लांबचं टोक चार किलोमीटर. ताशी 40 ने गेलं तर सहा मिनिटं. ताशी 60 ने गेलं तर चार. म्हणजे सगळी मस्ती करून वाचतात दोन मिनिटं, तीही रस्ता मोकळा मिळाला तर. आणि वेग दीडपट झाला की ब्रेक मारल्यापासून गाडी थांबायला लागणारं अंतर सव्वादोनपट होतं. "आता घंटा वाजव," त्यांनी मला सांगितलं, आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करायला लावलं.

घंटा वाजल्यापासून बंबाचं चाक शेडच्या उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत दोन मिनिटं पन्नास सेकंद लागली. एकाचे बूट दुसऱ्याच्या पायात, चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची चावी क्लार्ककडे. आणि शेडच्या तोंडाशी एका भाजीवाल्याचा टेम्पो उभा. नुसत्या टेम्पोने चाळीस सेकंद खाल्ली.

"दोन मिनिटं कुठे वाचवायची?" मामांनी विचारलं. कुणी बोललं नाही.

पुढच्या रविवारी मामा आधी त्या भाजीवाल्याकडे गेले, त्याच्याकडून पाच किलो कांदे घेतले (ते मग मी कोथरूडपर्यंत वाहिले) आणि गप्पा मारत त्याला टेम्पो पलीकडे लावायला राजी केलं. कायदा सांगितला नाही, दमही दिला नाही. चौथ्या रविवारी वेळ आली पंचावन्न सेकंद. तो आकडा विटकरीनेच भिंतीवर लिहिला. अजून आहे.

गाडी चालवायला मिळाली ती बाजारतळावर, आठवडी बाजार नसेल त्या दिवशी. मामांनी ऑइलचे रिकामे डबे मांडून गल्ल्या केल्या. आधी भरल्या टाकीने. मग एके सकाळी त्यांनी टाकी अर्धी रिकामी केली आणि 'शाळा'ला म्हणाले, "सरळ जा आणि त्या डब्यापाशी थांब."

तो गेला, थांबला, आणि गाडी थांबल्यावर अर्ध्या क्षणाने तिला मागून कुणीतरी ढकलल्यासारखी ती पुढे उसळली. डबा चाकाखाली चेपला.

"तू थांबलास. पाणी थांबलं नव्हतं."

साडेचार हजार लिटरची टाकी भरलेली असली तर पाणी साडेचार टन, पण ते गाडीचाच भाग होऊन बसलेलं असतं. अर्ध्या टाकीत ते मोकळं असतं. लाट मोडायला आत पत्र्याच्या आडव्या भिंती असतात, तरी लाट उठतेच. ब्रेक मारला की पुढे येते, वळणावर बाहेरच्या अंगाला चढते आणि गाडीला त्याच बाजूला ओढते. 'दूध'ला हे सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "आम्ही कप्पा भरून घेतो नाहीतर रिकामा. अर्धा कप्पा घेऊन कुणी निघत नाही." मामांना तो त्या क्षणापासून आवडायला लागला असावा. त्यांचं मत असं, की बंबाला खरा धोका जाताना नसतो, येताना असतो. जाताना टाकी भरलेली आणि ड्रायव्हर जागा. येताना टाकी अर्धी, अंग दमलेलं, सायरन बंद. म्हणून परतताना टाकी एकतर वाटेत भरून घ्यायची, नाहीतर सगळी सोडून द्यायची. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्या चेपलेल्या डब्याकडे बघून वाद घालावासा वाटला नाही.

रिव्हर्सचा त्यांचा नियम एकच होता. मागे माणूस उभा केल्याशिवाय रिव्हर्स नाही, आणि तो आरशातून दिसेनासा झाला तर त्याच क्षणी ब्रेक. 'ऊस' दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणारा गडी, त्याला हा अपमान वाटला. मामांनी त्यालाच मागे उभा केला आणि 'शाळा'ला गाडी मागे घ्यायला सांगितली. आठ फूट रुंदीची ती पाठ अंगावर येताना बघून 'ऊस' गप्प झाला.

यापेक्षा मला जास्त आवडले ते पायी फिरायचे रविवार. बंब शेडमध्ये आणि आम्ही पाच जण गावातून. मामांकडे एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, रोजकीर्दीची. तिच्यात गल्ल्यांची रुंदी होती, लोंबणाऱ्या तारा होत्या, कुठल्या मोरीवर बंब घालायचा नाही, गणपतीत कुठल्या चौकात मांडव रस्ता खातो, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या कुठे लागतात, सगळं होतं. शेवटी विहिरी. प्रत्येक विहिरीपुढे दोन आकडे: पावसाळ्यात पाणी किती खोल, आणि मे महिन्यात किती खोल.

'दूध'ने विचारलं, "मे महिन्याचा कशाला? पाणी आहे ना तळाशी."

मग मामांनी विहिरीच्या काठावर बसून जे सांगितलं ते मी शाळेत शिकले होते आणि कधी समजले नव्हते. पंप पाणी ओढत नाही. पंप फक्त सक्शनच्या नळीतली हवा काढून घेतो; पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेची ताकद पाण्याला 10.3 मीटर वर चढवण्याएवढी, त्याच्या पुढे जगातला कुठलाही पंप असं पाणी उचलू शकत नाही. आपण राहतो पुण्याच्या बाजूला, 560 मीटर उंचीवर. इथे हवा विरळ, म्हणजे दोन फुटांहून जास्त आधीच गेले. नळीतलं घर्षण, जाळी, जोडांमधली बारीक गळती धरली की हातात राहतात सात मीटर. मे महिन्यात गावातल्या निम्म्या विहिरी सात मीटरच्या खाली जातात. त्या वहीत त्यांच्यापुढे फुली होती.

"विहीर भरलीय म्हणून पळत जायचं आणि पाणी वर येत नाही म्हणून बोंबलत बसायचं," मामा म्हणाले. "आणि आग काय, ती बसत नाही तुझ्यासाठी."

मला आठवलं, मी सातवी-आठवीत असताना मामा पुण्याला आले होते आणि बाबा त्यांना शनिवारवाडा दाखवायला घेऊन गेले. बाबांनी पेशवे सांगितले, कारंजी सांगितली, 1828 च्या फेब्रुवारीत वाडा पेटला आणि सात दिवस जळत राहिला तेही सांगितलं. मामा शेवटच्या वाक्याला थांबले. मग ते मागच्या बाजूला निघाले, नदीच्या दिशेने, पावलं मोजत. आम्ही बुरुजापाशी शेंगदाणे खात उभे. अर्ध्या तासाने आले आणि म्हणाले, "होजच्या तीस मीटरच्या दहाएक लेंथा लागतील. मधे एक पंप बसवावा लागेल." बाबा खूप हसले. मी पण हसले. सात दिवस या आकड्याने त्यांचं काय केलं असेल, हे आत्ता थोडं कळतं.

वायसरची गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली नाही. 'शाळा'ने त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं काळं रबरी कडं बघून विचारलं, "मामा, हे काय, बांगडी?"

ते कडं हाताच्या पंजाएवढं मोठं. खिशात मावत नाही, म्हणून जुडगं नेहमी कमरेला. रबर आता कडक झालंय, एका बाजूला चिरलंय. मी ते लहानपणापासून बघतेय आणि मला वाटायचं ते किल्ल्या हरवू नयेत म्हणून असावं.

1991 चा एप्रिल. नोकरीला पाच वर्षं झालेली. वाडीवर कडब्याच्या गंजीला आग लागली, शेजारी गोठा. टाकीत पाणी होतं ते मोठ्या नोझलने दहा मिनिटांत संपलं. तशी एक धार मिनिटाला साडेचारशे लिटर खाते, हिशेब सरळ आहे. विहीर दीडशे फुटांवर, पाणी पाच मीटरवर. मामांनी बंब विहिरीला लावला, सक्शनचे तुकडे जोडले, जाळी सोडली, प्रायमर (नळीतली हवा काढून घेणारा छोटा पंप) चालू केला. काटा हलेना. पुन्हा. इंजिन ओरडतंय आणि पंप नुसती हवा खातोय. शेतकरी म्हणतात तसं, पाणी धरत नव्हता. तिसऱ्यांदा जोड उघडला तेव्हा कळलं, मधल्या कपलिंगमध्ये वायसरच नव्हता. आदल्या आठवड्याच्या ड्रिलनंतर सक्शन धुताना पडला असणार. कपलिंग नीट बसलेलं दिसत होतं. दिसण्यात काही खोट नव्हती.

वाडीतल्या एका म्हाताऱ्याने सायकलची ट्यूब कापून आणून दिली, वरून शेणाचा लपका मारला. पाण्याच्या मोटारीच्या फुटबॉलला मारतात तसाच. (फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात.) त्याने काम झालं. पाणी धरलं. पण त्यात वीस मिनिटं गेली होती.

"गोठ्यात काय होतं?" 'ऊस'ने विचारलं.

"दोन बैल सोडवले होते लोकांनी. एक गाभण गाय होती."

कुणी पुढे विचारलं नाही. आदल्या आठवड्याचं ड्रिल कुणी घेतलं होतं, सक्शन कुणी धुतलं होतं, हेही कुणी विचारलं नाही. मी मामींकडून नंतर काढून घेतलं. धुणारे मामाच होते.

त्या रविवारनंतर पोरं ड्रिलला कुरकुरली नाहीत असं लिहायला हरकत नाही, पण ते खोटं होईल. कुरकुरली. कंत्राटदाराने दोन महिने पगार थकवला होता. 'ऊस' एक रविवार आलाच नाही, कुणाच्या तरी जेसीबीवर रोजाने गेला. मामांनी त्याला फोन केला नाही. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याला नाश्त्याचे पोहे दिले आणि सक्शन जोडायला लावलं. जोडायचं, खोलायचं, प्रत्येक कपलिंगमध्ये बोट फिरवून वायसर आहे का बघायचं, "आहे" म्हणायचं, पुन्हा जोडायचं. नंतर डोळ्यांवर गमछा बांधून तेच. सोळा वेळा मी मोजलं, मग मी मंडईत चहाला गेले. परत आले तर चालूच.

14 एप्रिलला अग्निशमन दिन असतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीवर कापसाला आग लागली. त्याच बोटीत दारूगोळा होता. स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. मामा त्या दिवशी शर्टाला कागदी झेंडा टोचतात. आमच्या गावात त्याच संध्याकाळी आंबेडकर जयंतीची मिरवणूकही असते, म्हणून बंब सकाळी मानवंदनेला धुवायचा आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या टोकाला नेऊन उभा करायचा, ही जुनी पद्धत. यंदा तो गर्दीतून न्यायचं काम 'शाळा'कडे आलं. पोरं, ट्रॅक्टर, डीजे, गुलाल. मुंगीच्या पावलांनी नेला त्याने. शाळेच्या बसची सवय, पोर कुठून चाकासमोर येईल याचा नेम नाही हे त्याला अंगाने माहीत होतं. मामा फुटपाथवरून गाडीच्या बरोबरीने चालत होते. शेवटी फक्त म्हणाले, "आरसा बघतोस. चांगलं आहे."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नदीकाठी खरं पाणी आणि खरी आग. म्हणजे वाळलेलं पाचट, रचून पेटवलेलं. बंब तोंड रस्त्याकडे करून लावला. पंपावर 'दूध'. चाक हलू नये म्हणून उटी लावली, सक्शन नदीत सोडलं, शिट्टी झाली. तो हात वर करून ओरडला, "पाणी धरलं!" आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला लागला. चपटा पडलेला होज जमिनीवर सापासारखा भरत गेला. तीस मीटरच्या त्या एका लेंथमध्ये नव्वदेक लिटर पाणी मावतं, म्हणजे आधी हलका म्हणून ओढत नेलेला होज आता एका माणसाएवढा जड. ब्रँचवर 'ऊस', मागे त्याला टेकू देऊन 'शाळा'. धार सुटली.

आणि मागे पाचट धडधडून पेटलं. मोठा आवाज झाला, बघायला आलेली पोरं ओरडली. 'दूध'ची मान वळायला लागली. मामा त्याच्या शेजारीच होते. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसते दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि त्याला काट्याकडे सरळ केला, न्हावी डोकं सरळ करतो तसा.

मी तिथे रस्त्यावर उभी होते. मला आग दिसत होती, पाणी दिसत होतं, आणि त्या दोघांच्या पाठी.

त्या दिवशी परतताना चांदणी चौकात नेहमीचा खोळंबा होता आणि मागून सायरन ऐकू यायला लागला. अग्निशमनाच्या गाडीला वाट दिली नाही तर 2019 च्या कायदादुरुस्तीपासून दहा हजारांचा दंड आहे, पण खोळंब्यात दंडाने जागा तयार होत नाही. मी घाबरून गाडी डावीकडे घालायला लागले, समोर रिक्षा, डावीकडे दुभाजक. मामांचा हात डॅशबोर्डवर.

"थांब. आहेस तिथेच थांब. तू हललीस की त्याला कळत नाही तू कुठे जाणार."

मी थांबले. मामांनी मान वळवली नाही, काच खाली केली. "दुसऱ्या गिअरात आहे," ते म्हणाले. "घाई नाही करत. चांगला आहे." बंब उजवीकडून हातभर अंतराने गेला. तो दिसेनासा झाल्यावरही त्यांनी काच वर केली नाही.

मे महिन्यात एका रात्री अडीचला मामांचा फोन वाजला. आमच्या घरात अडीचला फोन वाजला की सगळे उठून बसतात. 'दूध' होता. गावाबाहेरच्या एका प्लायवूडच्या गोदामाला आग लागली होती. तिघे आत्ताच शेडवर परतले होते. मामा खाटेवर बसून ऐकत होते, मधेमधे "हं" करत होते. स्पीकर चालू होता, मामांना कमी ऐकू येतं. पोरगा न थांबता बोलत होता: निघायला एक मिनिट लागलं, टेम्पो नव्हता, टाकी दोन लायनींवर पाच मिनिटंच पुरली, मग वहीतल्या सहा नंबरच्या विहिरीवर गेलो, तिसरा वायसर थोडा सैल वाटला म्हणून बदलला, तीस-पस्तीस सेकंदांत पाणी धरलं, चार किलोवर चालवलं, पहाटेपर्यंत चालेल असं वाटलं होतं पण एकला मेक अप केलं, सगळं गुंडाळून गाडीत भरलं, येताना टाकी भरून आणली.

मला राहवलं नाही. मी मोबाइलजवळ वाकून विचारलं, "आग केवढी होती रे?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही.

"त्याला कसं माहीत असणार," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि फोनमध्ये विचारलं, "होज वाळत घातले का?"

"घालतोय, मामा."

"घाला. मग झोपा."